रवाल चालीची साळुंकी

मित्रांनो, सोलापूर स्टेशनाबाहेर लिंबाच्या झाडाखाली टांगे उभे राहतात. त्या रांगेत अगदी कडेला जी तांबूस रंगाची घोडी मान खाली घालून उभी असते, ती मी. तुमच्यापैकी कुणी माझ्या टांग्यात बसलंही असेल. बसलं असेल तर गचके खाल्ले असतील आणि मनातल्या मनात मला शिव्या घातल्या असतील. त्याचा मला राग नाही. पण या गचक्यांच्या आधी माझ्या पायांत एक वेगळी चाल होती. तिची गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून मीच सांगते.

घोड्याची दुडकी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात पाय जोडीजोडीने पडतात. पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम, मग पुढचा डावा आणि मागचा उजवा. दोन जोड्यांच्या मध्ये घोडं क्षणभर अधांतरी असतं, आणि वर बसलेला माणूस उडून परत आपटतो. रवाल चाल तशी नसते. रवालीत चारही पाय एकामागून एक, सुटे सुटे पडतात. एखादा तरी पाय सतत जमीन धरून असतो. त्यामुळे पाठ वरखाली होत नाही, नुसती पुढे सरकत राहते. सराईत बाई भाकरी थापते ना, तसा त्या चालीचा आवाज. थापा सारख्या, मध्ये खंड नाही, उगाच जोर नाही. आणि वेग दुडकीला मागे टाकणारा.

ही चाल मला कुणी शिकवली नाही. माझी आई वेळापूरकडच्या धनगरांची घोडी. मायाक्का नावाच्या धनगरणीचा सगळा संसार तिच्या पाठीवर असायचा. भांडी, घोंगड्या, नुकती जन्मलेली कोकरं, आणि त्या सगळ्याच्या वर मायाक्काचं तान्हं पोर. मेंढ्या चरत पुढे जायच्या आणि आई त्यांच्या मागे रवाल चालत जायची. वरचं पोर झोपेतून जागं व्हायचं नाही. मी शिंगरू होते. आईच्या पायांचा आवाज ऐकत तिच्या कुशीला लागून चालायची. माझेही पाय तसेच पडू लागले. पाखराच्या पिलाला उडण्याचं कौतुक नसतं, तसं मलाही माझ्या चालीचं काही वाटत नसे. ती वेगळी आहे, हे मला माणसांनी सांगितलं.

सांगणारा पहिला माणूस धोंडीराम. करमाळ्याजवळच्या एका गावचे मोठे बागायतदार आबासाहेब यांच्याकडे तो जनावरं सांभाळायला होता. आबासाहेब तरुणपणी पैलवान. पण विहिरीचं काम चाललेलं असताना काठावरून खाली पडले आणि त्यांची कंबर कायमची गेली. चालायचं म्हटलं तर ओसरीपासून चावडीपर्यंत. बैलगाडीत बसवलं, तर प्रत्येक दगडाला तोंडातून किंकाळी निघायची. घोड्यावर बसून पाहिलं, तर दुडकीनं डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. ज्या माणसानं रान सोडून घर पाहिलं नव्हतं, तो माणूस दोन वर्षं घर सोडून रान पाहू शकला नव्हता. मग कुणीतरी रवाल घोड्याची गोष्ट काढली आणि त्यांनी धोंडीरामाला शोधायला धाडलं.

धोंडीराम आमच्या धनगरवाड्यावर आला तेव्हा मी नुकतीच पाठीवर माणूस घेण्याजोगी झाले होते. त्यानं माझे दात पाहिले नाहीत, की शेपूट उचलून पाहिली नाही. मायाक्काला म्हणाला, "बाई, जरा चालवून दाव की." मायाक्कानं मला पळवलं. हा बाबा रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला आणि डोळे मिटून नुसता ऐकत राहिला. मग उठला आणि म्हणाला, "हीच."

गावात मला आणलं तेव्हा लोक हसले. "मालकांनी धनगराचं तट्टू आणलं," म्हणाले. आबासाहेबांच्या बायकोनं, सारजाबाईंनी, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पण त्यांनाही मी पसंत पडले नसावे. "एवढीशी ही, आन् ह्यांचं हे अंग. पेलंल का हिला?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघा गड्यांनी धरून आबासाहेबांना माझ्या पाठीवर बसवलं. त्यांच्या मांड्या ताठ झाल्या होत्या. दुखेल म्हणून त्यांनी आधीच दात आवळून धरले होते. धोंडीराम माझ्या कानाशी पुटपुटला, "चल बाय, तुझी चाल दाव," आणि मी निघाले. वेशीपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला होता. वेस ओलांडली तशा त्यांच्या मांड्या सैल पडल्या. ओढ्याच्या पलीकडे त्यांचा मळा होता. ज्वारी पोटऱ्यात आली होती. बांधावर मी थांबले. मग माझ्या आयाळीवर पाण्याचे थेंब पडले.

"धोंडीबा," आबासाहेब म्हणाले, "गडी मला सांगत हुतं, बांधाची बाभळ पडली म्हून. उभी हाय की रं!"

त्या दिवशी त्यांनी माझं नाव साळुंकी ठेवलं.

मित्रांनो, माझे चांगले दिवस म्हणजे तेच. बहात्तर सालच्या दुष्काळात मळा करपला, तरी ते रोज मला घेऊन जायचे. करपलेलं का होईना, पण रान डोळ्यांनी पाहायचं. मंगळवारी करमाळ्याला कमलाभवानीच्या दर्शनाला आम्ही जायचो. वाटेत ते तळहातावर तंबाखू आणि चुना घेऊन मळत बसायचे. मी वेगात असायची, पण चिमूटभरही खाली सांडत नसे. समोरून येणारे लोक थांबून बघायचे. आबासाहेब मुद्दाम हात पुढे करून विचारायचे, "खाणार का पावणं?" लोक हसायचे, माझ्या मानेवर थाप मारायचे. बाजारच्या दिवशी तर पोरं माझ्यामागे धावत यायची.

धोंडीराम मला पोरीसारखं जपायचा. कुणी मला दुडकीत घातलं, तर तो अंगावर धावून जायचा. "गवयाला कुणी ओरडाय लावतं का रं?" म्हणायचा. त्याला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. आपल्या भाकरीचा पहिला घास मोडून तो मला द्यायचा, मग स्वतः खायचा. त्याच्या हाताला सदा कडब्याचा वास यायचा. तो वास आला की मी झोपेतसुद्धा कान टवकारायची.

हे सगळं इतक्या सविस्तर सांगते आहे, कारण पुढचं सगळं याच माणसांनी केलं.

आबासाहेबांचा मुलगा हिंदुराव. एकुलता एक. तो वाईट होता असं मी म्हणणार नाही. अंगात रग होती, चार मित्र होते, आणि आपल्या बापाला लोक मान देतात तो आपल्यालाही मिळावा अशी घाई होती. त्याचं लग्न ठरलं. त्याच सुमारास त्याच्या एका मित्राची वरात निघाली आणि त्या वरातीत बार्शीकडची एक घोडी हलगीच्या तालावर नाचली. लोकांनी तिच्यावरून पैसे ओवाळले. हिंदुराव तिथून परत आला तो मनात एकच गोष्ट घेऊन. त्याच्या वरातीतही घोडी नाचली पाहिजे, आणि तीही भाड्याची नको, घरची पाहिजे.

आबासाहेब तेव्हा गावात नव्हते. पोटाच्या दुखण्यासाठी त्यांना सोलापूरला दवाखान्यात ठेवलं होतं, आणि पुढे लेकीच्या घरी. ते परत यायला अवकाश होता.

हिंदुराव गोठ्यात आला. धोंडीराम माझं अंग चोळत होता.

"धोंडीमामा, वरातीत साळुंकी नाचली पायजे."

धोंडीरामाचा हात थांबला. "धाकलं मालक, नाचाय लागली तर तिची चाल जाती. दोन्ही न्हाय व्हत एका पायात. थोरल्या मालकास्नी हिच्याबिगर कोन हाय?"

"आबांना मी जीप घेतो की! आता घोड्यावर बसायचे दिवस ऱ्हायले का?"

"जीप बांधावरनं जाती व्हय?"

हिंदुरावाचा चेहरा लाल झाला. त्याला उलट बोललेलं खपायचं नाही. "तुमच्यानं हुत नसंल तर सांगा. बार्शीचा मानूस बोलावतो. त्यो लोखंडी कांबीनं शिकवतो म्हन. पायाची नळी फुटली तर फुटली, पर घोडी नाचती."

तो निघून गेला. धोंडीराम खाली बसला. मग माझ्या गुडघ्यावर कपाळ टेकून म्हणाला, "परक्यानं मारन्यापरीस मीच करतो, साळू. मी जपून करीन."

आणि त्यानं जपूनच केलं. माझ्या पुढच्या पायांना साखळ्या बांधल्या, पण आत चिंध्या गुंडाळल्या. पुढचा एक आणि मागचा एक पाय दोरीनं जोडून टाकला, म्हणजे पाय सुटे पडायला नकोत, जोडीनेच पडावेत. दोन खांबांच्या मध्ये मला आखूड बांधून समोर हलगी वाजवायला माणूस बसवला. ताल सुरू झाला की धोंडीराम हातातल्या काठीनं माझ्या नळीवर टकटक करायचा. पाय उंच उचलला की काठी थांबायची. खाली ठेवला की परत टकटक. चिंध्या काही दिवसांतच फाटल्या. साखळीनं कातडी सोलली, खपली धरली, परत सोलली. संध्याकाळी तोच धोंडीराम हळद आणि तेल कोमट करून लावायचा, आणि गुळाचा खडा तोंडापुढे धरायचा. कडब्याचा वास असलेल्या त्या हातातून मी गूळ खायची. दुसरं काय करणार? सकाळी त्याच हातात काठी असायची.

माणसाला वाटतं, आपण रडत रडत केलं म्हणजे आपलं पाप निम्मं होतं. ज्याच्या पायावर काठी पडते, त्याला ती सारखीच लागते.

लग्नाच्या आधी आबासाहेब परत आले. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मला गोठ्याच्या आतल्या बाजूला ठेवलं होतं आणि पायांत रंगीत गोंडे बांधले होते. वरात निघाली. हलगी कडाडली आणि माझे पाय आपोआप वर उचलले गेले. मी नाचले. मागच्या पायांवर उभी राहिले, पुढचे पाय हवेत मारले, गोल फिरले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आबासाहेबांना ओसरीवर खुर्चीत बसवलं होतं. जो तो त्यांना येऊन सांगत होता, "काय घोडी हाय, आबासाहेब! गुणाची खाण!" ते हसत होते. माझ्या लक्षात आलं, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. साळुंकी नाचायलाही शिकली, एवढंच त्यांना वाटत होतं.

लग्नाची गडबड ओसरली आणि एका सकाळी त्यांनी खोगीर घालायला सांगितलं. इतक्या दिवसांनी मळा पाहायचा म्हणून नवं धोतर नेसले होते. गड्यांनी त्यांना वर बसवलं. त्यांच्या मांड्या सैल होत्या. माझ्या पाठीवर बसताना त्यांना आता भीती वाटत नसे.

मी निघाले. मित्रांनो, मी मनापासून निघाले. मला ठाऊक होतं वर कोण बसलं आहे. पण पाय सुटे पडेनात. पुढचा उचलला की मागचा त्याच्याबरोबर उचलला जाई. दोरी सोडून कितीतरी दिवस झाले होते, पण ती माझ्या पायांत तशीच होती. दोन पाय, मग दोन पाय. पहिल्याच गचक्याला आबासाहेबांच्या तोंडून आवाज निघाला. मी घाबरले आणि वेग वाढवला, तसे गचके वाढले. मारुतीच्या पारापर्यंत कशीबशी गेले. तिथं त्यांनी लगाम खेचला. त्यांचा सदरा घामानं भिजला होता.

"धोंडीबा, हिला काय झालं?"

धोंडीराम आमच्याबरोबर धावत आला होता. त्याला धाप लागली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "पाय मुरगाळला हुता मालक, मधी."

"उतरीव मला."

पारावर बसून ते म्हणाले, "पाय दे तिचा." धोंडीरामानं माझा पुढचा पाय उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी गोंड्याची दोरी सोडली. खुराच्या वर, जिथं साखळी असायची, तिथं केस गेले होते आणि कातडीचा जाड गोल वळ उठला होता. आबासाहेबांची बोटं त्या वळावरून सगळीकडून फिरली. मग त्यांनी दुसरा पाय मागितला. त्यावरही तसाच वळ होता.

जन्मभर जनावरं पाळलेल्या माणसाला मुरगळलेला पाय आणि साखळीचा वळ यातला फरक सांगावा लागत नाही. त्यांनी मान वर करून धोंडीरामाकडे पाहिलं. धोंडीराम जमिनीकडे पाहत होता. इतक्यात हिंदुराव धावत आला. कुणीतरी त्याला सांगितलं असावं. मागोमाग सारजाबाईही आल्या.

"काय झालं आबा? घोडीनं पाडलं का?"

मला वाटलं, आता हे बोलतील. पैलवान माणूस, एक कानाखाली वाजवतील. चारचौघांत विचारतील की माझे पाय तू कुणाला विचारून तोडलेस? कारण ते पाय त्यांचेच होते, माझे नुसते नावाला.

आबासाहेबांनी मुलाकडे पाहिलं. त्याच्या हातात अजून हळदीचं कंकण होतं. पाराभोवती माणसं जमली होती.

"काय न्हाय," ते म्हणाले. "घोडी म्हातारी झाली."

सारजाबाई म्हणाल्या, "म्हातारी? अवो, काल आनल्यावानी हाय ती! दात तरी बघा तिचं."

"गप बसा तुमी."

हिंदुरावाचा चेहरा उजळला. धोंडीरामानं माझा पाय हळूच खाली ठेवला. बाप, लेक आणि धोंडीराम, तिघांनीही त्या क्षणी खरं काय ते ओळखलं होतं, आणि तिघांनीही ते माझ्या वयावर टाकून दिलं. मला तोंड असून बोलता येत नव्हतं, हे किती सोयीचं झालं!

त्यानंतर आबासाहेब ओसरीवरच्या खाटेवर पडून असायचे. माझी दावण समोरच होती. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "वड्याला पानी हाय का? हरबरा घाटे धरतुया का?" जो तो मनात येईल ते सांगायचा. जीप आली नाही. एकदा कुणाची तरी आणली होती, पण त्या खडकाळ वाटेवर ती घोड्यापेक्षा जास्त उडाली.

धोंडीराम गुपचूप मला पहाटे ओढ्याच्या वाळूत न्यायचा. वाळूत दुडकी जमत नाही, पाय रुततात. त्याला वाटायचं, त्यातूनच चाल परत येईल. आणि खरंच, कधीतरी चार पावलं सुटी पडायची. तो आनंदानं ओरडायचा. एक दिवस तो ओसरीवर जाऊन म्हणाला, "मालक, मला थोडं दिस द्या. साळूची चाल मी माघारी आनतो. येती हाय हळूहळू."

आबासाहेबांनी त्याला खाटेजवळ बोलावलं.

"आनशील रं तू. मग लोक इचारतील, ग्येली हुती कशानं? म्हाताऱ्या घोडीची चाल माघारी येती व्हय?" ते थांबले. "पोराचं नवं लगीन झालंय, धोंडीबा. सोयरं काय म्हनतील? बापाला खाटंवर पाडलं म्हनतील. इकून टाका तिला. ती डोळ्याम्होरं नको."

धोंडीराम "व्हय मालक," म्हणाला.

सोलापूरच्या बाजारात मला तोच घेऊन आला. वाटेत आम्ही दोघं पायीच चाललो. तो माझ्या पाठीवर बसला नाही. व्यवहार झाल्यावर त्यानं दावं दुसऱ्याच्या हातात दिलं, डोक्याचा पटका सोडला, परत बांधला आणि चालू लागला. मी खिंकाळले. त्यानं वळून पाहिलं नाही.

मला घेणारा टांगेवाला भीमाशंकर. कुंभारीला राहतो आणि शहरात टांगा हाकतो. घरात तो आणि त्याची आई शांतम्मा, दोघंच. आपसात कानडी बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी आणि टांगेवाल्यांशी दखनी. माणूस सरळ आहे. पोटाला कमी करत नाही. शांतम्मा सकाळी स्वतःच्या कपाळाला भस्म लावते आणि उरलेलं बोट माझ्या कपाळाला पुसते. इथं मला सगळे राणी म्हणतात. टांग्याला दुडकीच लागते आणि दुडकी मला चांगली घटवून दिलेली होती. डांबरी सडकेवर नाल आपटत, गिरणीच्या भोंग्याला निघायचं आणि रात्रीच्या गाडीची गिऱ्हाइकं सोडून परत यायचं.

एकदा करमाळ्याकडची दोन माणसं टांग्यात बसली. आमच्याच गावची बोली. माझे कान मागे वळले. आबासाहेबांचं नाव निघालं. ते वारल्याचं मला तसं कळलं. "शेवटाला लई हाल झालं," एक जण म्हणाला. "मळा बगायचा म्हून रडायचं. चौघांनी खाटंवर उचलून न्यायचं ठरलं हुतं, तर ग्येलंच." दुसरा म्हणाला, "त्येंची रवाल घोडी हुती की एक! तिचं काय झालं?"

"म्हातारी हून मेली म्हनं ती."

मी त्या दोघांना ओढत दवाखान्यापर्यंत नेलं. उतरताना त्यातला एक कंबर चोळत भीमाशंकरला म्हणाला, "घोडी लई आदळती तुमची."

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. शांतम्माला गुडघ्याच्या औषधासाठी शहरात आणलं होतं. परतताना टांग्यात ती एकटीच होती. कुंभारीच्या अलीकडे सडक सोडून आम्ही मातीच्या वाटेला लागलो. वळवाचा शिडकावा होऊन गेला होता आणि माती मऊ होती. भीमाशंकरनं लगाम सैल सोडून विडी पेटवली. आणि मित्रांनो, कसं झालं ते मलाही सांगता येणार नाही, पण माझे पाय सुटले. पुढचा एक, मागचा एक, पुढचा दुसरा, मागचा दुसरा. सगळे वेगवेगळे, एकामागून एक. पाठ हलेनाशी झाली. टांग्याचं घुंगरूसुद्धा वाजायचं थांबलं. माझ्या अंगावर काटा आला. आईच्या कुशीला लागून चालल्यासारखं वाटलं. मी मान वर केली आणि त्या वाटेनं पाण्यासारखी वाहत निघाले.

मागून शांतम्मा म्हणाली, "अय्यो भीमा, आज गचकं बसंना झाल्यात की रे! गुडघा दुखला न्हाय बघ माझा."

भीमाशंकरनं विडी टाकली आणि माझ्या पायांकडे वाकून पाहिलं. त्यानं जन्मात रवाल पाहिली नव्हती. त्याला चार पाय चारीकडे पडताना दिसले.

"अव्वा, घोडी लंगडतीय!" तो घाबरून ओरडला. त्यानं टांगा थांबवला, उतरून माझे खूर तपासले, नाल ठोकून पाहिले. काही सापडेना. परत हाकलं, तर मी परत तशीच चालले. मला थांबवतच नव्हतं. "बघ, बघ! पाय जोडीनं टाकंना झालीय. खांदा भरला असणार. म्हनून हळू चाललीय आन् तुला गचकं बसंनात."

मी हळू चालत नव्हते. पण शांतम्माचाही चेहरा उतरला. "माझ्या भाराचं झालं की काय रे," ती म्हणाली, आणि खाली उतरून, दुखऱ्या गुडघ्यांनी, माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आली.

दुसऱ्या दिवशी जनावरांना डाग देणारा माणूस बोलावला. मला पाडून पाय बांधले. शांतम्मा माझं तोंड मांडीवर धरून बसली होती आणि कानडीत देवाचं नाव घेत रडत होती. भीमाशंकरनं माझे डोळे पटक्यानं झाकले. मग लाल झालेली सळई डाव्या खांद्यावर टेकली. एकदा, परत एकदा, आणि परत. माझ्या भल्यासाठीच टेकली. कुणाच्याही मनात वाकडं नव्हतं.

जखम भरल्यावर मला टांग्याला जुंपलं. भीमाशंकर श्वास रोखून माझ्या पायांकडे पाहत होता. खांद्याची कातडी आखडली होती, पुढचा पाय सुटा टाकला की ती ताणून आग व्हायची. जोडीनं टाकला की होत नसे. मी जोडीनं टाकला.

"बरी झाली!" भीमाशंकर ओरडला. शांतम्मानं मला नैवेद्याची पोळी खाऊ घातली.

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी काहीतरी शिकवण द्यावी अशी रीत आहे. जनावरावर माया करा, असं मी सांगणार नाही. माझ्यावर मायेची कमतरता कधीच नव्हती. ज्यानं साखळी बांधली त्याचीही माया होती, ज्यानं खोटं बोलून मला विकायला लावलं त्याचीही होती, आणि ज्यानं डाग द्यायला लावला त्याचीही आहे. म्हणून माझं मागणं वेगळंच आहे. तुमच्या घरात, गोठ्यात, वर्गात एखाद्याचे पाय तुमच्यासारखे पडत नसतील, तर त्याला लंगडा म्हणण्याआधी थोडं त्याच्याबरोबर चालून पाहा. आणि आपल्या माणसाची चूक झाकायची वेळ आली, तर ती बोलू न शकणाऱ्याच्या माथी मारू नका. तो नाही म्हणणार नाही, म्हणूनच मारू नका.

आता गाडी आली. हमाल आधी बाहेर येतात, मग माणसं. भीमाशंकरनं एका म्हाताऱ्याला हात देऊन टांग्यात बसवलंय. म्हातारा कंबरेला हात लावून कण्हतोय आणि म्हणतोय, "जरा जपून हाना, बाबा. गचकं सोसत न्हाईत."

"काळजी करू नका आजोबा," भीमाशंकर म्हणतोय, "आपली घोडी एकदम दुरुस्त हाय."

आणि तो लगाम उचलतोय.